पूर्ण एक मिनिट

घड्याळजींच्या घरी कुणी "किती वाजले?" असं विचारलं की दोन उत्तरं मिळायची. एक घड्याळातलं आणि एक खरं. भिंतीवरची तीन, कपाटावरचं एक, घड्याळजींच्या मनगटावरचं एक, अशी घरातली सगळी घड्याळं सात मिनिटं पुढे होती. बिघडलेली नव्हेत, मुद्दाम लावलेली. माणूस हा मुळातच उशीर करणारा प्राणी आहे, देवानं त्याला तसा घडवला आणि मग दया येऊन त्याच्या मदतीला घड्याळजी पाठवला, असं त्यांचं मत होतं.

"अहो, पण सात मिनिटं पुढे आहे हे आता सगळ्यांना पाठ झालंय," बायको म्हणायची. "सगळे सात वजा करतात आणि वर पाच मिनिटं उशिरा येतात. मग उपयोग काय?"

"उपयोग शिस्तीचा असतो," घड्याळजी म्हणायचे आणि विषय संपवायचे. उत्तर नसलं की ते विषय संपवत.

अडतीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. औषधांच्या आणि चपलांच्या दुकानांमध्ये चिमटलेलं त्यांचं दुकान इतकं अरुंद होतं, की दुसरं गिऱ्हाईक आलं तर पहिल्याला श्वास धरून उभं राहावं लागे. उजव्या डोळ्याला भिंग लावून बसले की समोर राजा आला तरी ते मान वर करत नसत. दुरुस्त झालेलं घड्याळ कानाशी धरायचं आणि पूर्ण एक मिनिट ऐकायचं, हा त्यांचा नेम. गिऱ्हाईक म्हणे, "चालतंय की, द्या आता." हे बोट वर करून त्याला गप्प करत. "पाव मिनिट तर मेलेलं घड्याळही चालतं," ते म्हणत. "हलवलं की टिकटिक करतं बिचारं, लाजेखातर. मिनिटभर चाललं तर खरं."

मग सेलची घड्याळं आली आणि त्यांच्या पाठोपाठ फोन. शेवटच्या वर्षी घड्याळजींकडे नुसतं सेल बदलायचं काम उरलं. तेव्हापासून सेल या वस्तूवर त्यांचा जो राग बसला तो बसलाच. घरात टॉर्च लावायची झाली तरी ती बायकोच्या माहेरचं पाप असावं, अशा नजरेनं ते तिच्याकडे बघत.

दुकान बंद झालं तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. सहा महिने घरातल्या प्रत्येक वस्तूचं झाकण उघडून झालं. शिवणयंत्र उघडलं, ते शिवेनासं झालं. तेव्हा बायकोनं देवापुढे हात जोडून स्पष्ट शब्दांत सांगितलं, "यांना काम दे, नाहीतर मला बळ दे." देवानं सोपं काय ते निवडलं. पुढच्याच आठवड्यात एका संशोधन संस्थेची जाहिरात आली. मासे सांभाळायला माणूस हवा. हात स्थिर, वेळ पक्की, स्वभाव शांत. तीनपैकी दोन गोष्टी होत्या, ते पुरलं.

संस्थेच्या तळघरात चारशे काचेच्या टाक्या होत्या. खोली बारा महिने न्हाणीघरासारखी दमट आणि उबदार. मासे करंगळीच्या दोन पेरांएवढे, अंगावर निळ्या रेघा. घड्याळजींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "हे एवढे एवढे मासे कशासाठी? एका घासालाही पुरणार नाहीत."

"काका, आपण यांचं हृदय बघतो," असं त्यांना सांगणारी मुलगी म्हणजे चष्मेवाली. तिचा चष्मा एवढा मोठा, की आधी चष्मा खोलीत शिरायचा आणि मग ती. याच माशांवर तिचं संशोधन चालू होतं. तिनं घड्याळजींना बारीक गोष्टी मोठ्या करून दाखवणाऱ्या दुर्बिणीखाली एक अंडं दाखवलं. दीड-दोन दिवसांचं पिल्लू, काचेसारखं आरपार. आणि त्या काचेत मोहरीहूनही बारीक एक तांबूस ठिपका उघडत होता, मिटत होता, उघडत होता, मिटत होता.

घड्याळजींनी भिंग लावणारा उजवा डोळा दुर्बिणीला लावला आणि पूर्ण एक मिनिट तो काढलाच नाही. घरी येऊन बायकोला म्हणाले, "अगं, किल्ली न देता चालतंय."

"किल्ली देणारा वर बसलाय," बायको म्हणाली. या वेळी मात्र त्यांनी विषय संपवला नाही.

तिथलं त्यांचं काम म्हणजे खाणं घालणं, टाक्या धुणं आणि दिव्यांचं घड्याळ सांभाळणं. हे मासे उजाडलं की अंडी घालतात आणि तळघरात उजाडतं ते दिवा लागल्यावर. आठ वाजता दिवे लागावेत असा नियम. घड्याळजींनी ते यंत्र आपल्या मनगटावरच्या घड्याळाबरहुकूम लावलं. त्यामुळे चारशे टाक्यांतले सगळे मासे तीन वर्षं जगाच्या सात मिनिटं पुढे जगत होते. चष्मेवाली धावतपळत आठला पोचायची, तर अंडी आधीच घालून झालेली. "काका, हे मासे अंदाजानं घालतात का हो?" ती विचारायची. "शिस्त आहे," घड्याळजी म्हणायचे.

आता गोष्ट तेवीस नंबरच्या टाकीची.

त्या टाकीतल्या माशांवर चष्मेवालीनं तीन वर्षं घालवली होती. तिनं ते समजावलं तेव्हा घड्याळजी तळघरातल्या पालथ्या बादलीवर बसले होते.

"काका, अंगातल्या प्रत्येक पेशीत सगळ्या शरीराची कृती लिहिलेली असते. डोळ्याची, कातडीची, हृदयाची, सगळी. पण हृदयाच्या पेशीनं हृदयाचीच पानं वाचायची. डोळ्याचं पान तिथं उघडलं तर गोंधळ. मग कुठलं पान उघडायचं, कधी आणि किती वेळ, हे कोण ठरवतं? त्या पानांच्या आजूबाजूला बारीक तुकडे असतात, ते. स्वतः ते काहीच बनवत नाहीत. नुसतं सांगतात. आत्ता वाच, आत्ता थांब, थोडं कमी, थोडं जास्त."

घड्याळजी बादलीवरून उठलेच. "म्हणजे काडी!"

"कसली काडी?"

"किल्लीच्या घड्याळात डोलणाऱ्या चक्राजवळ एक बारीक काडी असते. ती स्वतः काही फिरवत नाही. इकडे सरकवली की घड्याळ पळतं, तिकडे सरकवली की रेंगाळतं. चक्र बरोबर, स्प्रिंग बरोबर, सगळे दाते शाबूत, आणि तरी घड्याळ चुकतं. नवशिका सगळं घड्याळ खोलून बसतो. अरे, काडी बघ ना आधी!"

चष्मेवालीनं चष्मा काढून पुसला. तीन वर्षांत आपलं काम एवढ्या थोडक्यात तिला स्वतःलाही सांगता आलं नव्हतं. "हो काका. तेवीस नंबरमध्ये हृदयाच्या एका जीनला, म्हणजे त्या पानाला, मी हातही लावलेला नाही. फक्त त्याची काडी काढून टाकलीय."

"मग?"

"मग काही नाही," ती म्हणाली. "तेच तर रडगाणं आहे. ठोके तेवढेच. मिनिटाला एकशे चव्वेचाळीस, साध्या माशासारखे. मोठ्या बाई म्हणतात, या काडीचा काही उपयोग नाही."

मोठ्या बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. उंची बेताची, पण जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज आला की मासेसुद्धा रांगेत पोहतात, असं तिथले लोक म्हणत. त्यांचा नियम सरळ होता. ज्या टाकीत काही घडत नाही, ती ठेवायची नाही. सोमवारी टाकीवर लाल चिठ्ठी लागायची आणि शुक्रवारी टाकी रिकामी व्हायची. रिकामी म्हणजे काय, ते घड्याळजींना चांगलं ठाऊक होतं, कारण भूल देण्याचं औषध पाण्यात त्यांनाच ओतावं लागे. त्या दिवशी घरी ते निमूट जेवत आणि बायको काही न विचारता देवापुढे एक जादा नमस्कार घाली.

त्या सोमवारी लाल चिठ्ठी तेवीस नंबरवर लागली.

घड्याळजी चिठ्ठीकडे बघत खाणं टाकत होते. खाणं पडलं की मासे कसे सुटतात, ते बघण्यासारखं असतं. सगळ्या टाक्यांमध्ये एकच झुंबड. तेवीस नंबरचेही सुटले. पण निम्म्या वाटेत त्यातला एक थांबला. जरा कडेला झाला, जणू काही काच बघायचीय, आणि मग पुढे निघाला. थोड्या वेळानं दुसरा थांबला. तोही काच बघायला.

हे थांबणं घड्याळजींनी महिनोन्‌महिने पाहिलं होतं. त्या टाकीला ते मनातल्या मनात "आमचे साहेब लोक" म्हणत. पण त्या दिवशी, लाल चिठ्ठी समोर असताना, त्यांना एकदम आपला थोरला भाऊ आठवला.

थोरला शिंपी होता, तिसऱ्या मजल्यावर राहायचा. जिना चढताना दुसऱ्या मजल्याच्या आधी हटकून थांबायचा. म्हणायचा, "बुटाची नाडी बांधतो." पायात चप्पल. कधी म्हणे, "या भिंतीला रंग बरा दिलाय." दहा वर्षं तोच रंग. सगळे हसायचे. घड्याळजीही हसायचे. डॉक्टरांनी तपासलं, कागदावर हृदयाचा आलेख काढला, सगळं ठीक निघालं. आणि एका सकाळी सत्तावन्नाव्या वर्षी थोरला त्याच पायरीवर थांबला तो पुन्हा निघालाच नाही. कागद अजून घरात आहे. त्यावर "ठीक" असं लिहिलेलं आहे.

घड्याळजी खाण्याचा डबा हातात तसाच घेऊन वर गेले. चष्मेवाली आपली कागदपत्रं खोक्यात भरत होती.

"तुम्ही ठोके कसे मोजता?" त्यांनी विचारलं.

"दुर्बिणीवर कॅमेरा आहे ना. तो दहा सेकंदांची फिल्म घेतो, ठोके मोजतो आणि सहानं गुणतो."

घड्याळजींचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांच्यासमोर हातोडीनं घड्याळ उघडलं. "दहा सेकंद? आणि गुणता?"

"सगळं जग तसंच मोजतं, काका."

"सगळं जग पाव मिनिट ऐकून घड्याळ विकत घेतं आणि मग माझ्याकडे येतं," घड्याळजी म्हणाले. "मला बघू द्या."

मंगळवारी सकाळी तेवीस नंबरची दोन दिवसांची पिल्लं दुर्बिणीखाली आली. घड्याळजींनी उजवा डोळा लावला, डाव्या हाताची बोटं टेबलावर ठेवली. उघड, मीट, उघड, मीट. दहा सेकंद झाले. वीस. तीस. चष्मेवालीनं जांभई दिली. चाळीस झाले, बेचाळीस झाले, आणि बोट थांबलं. डोळा मिचकावण्याएवढा वेळ. मग पुन्हा सुरू.

"एकशे त्रेचाळीस," मिनिट संपल्यावर घड्याळजी म्हणाले. "आणि एक जण बुटाची नाडी बांधायला थांबला."

"कोण?"

"सांगतो मागाहून. दुसरं पिल्लू द्या."

दुसऱ्यात एक, तिसऱ्यात दोन. साध्या टाकीतली पाच पिल्लं पाहिली, एकही थांबलं नाही. चष्मेवाली स्वतः बघायला बसली, पण तीस सेकंदांनंतर तिचे डोळे पाझरायला लागले. तिनं घड्याळजींचा दंड धरला आणि त्यांना थेट मोठ्या बाईंच्या खोलीत नेलं.

मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं. चेहऱ्यावरची रेघ हलू न देता. मग म्हणाल्या, "एकशे चव्वेचाळीसच्या जागी एकशे त्रेचाळीस. यासाठी माझी मीटिंग थांबवलीत?"

"बाई, एक ठोका कमी पडला हा प्रश्न नाही," घड्याळजी म्हणाले. "तो गेला कुठे, हा प्रश्न आहे."

"तुमची पापणी लवली असेल."

अडतीस वर्षांत घड्याळजींना लोकांनी महागडा म्हटलं, तऱ्हेवाईक म्हटलं, एकानं तर चोरही म्हटलं. पण पापणी लवली, हे कुणी म्हटलं नव्हतं.

"मी माझी पापणी ओळखतो," ते म्हणाले.

"यंत्राला पापणी नसते."

"यंत्राला धीरही नसतो, बाई."

चष्मेवालीनं डोळे मिटून घेतले. दोघांच्याही नोकऱ्या गेल्या, असं तिनं धरूनच चाललं. पण मोठ्या बाई ओठ मुडपून थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ठीक. गुरुवारी दुपारी. दहा वाट्या मांडेन, प्रत्येकीत एक पिल्लू. काही तेवीस नंबरची, काही साधी. कुठली कुठली ते फक्त मला ठाऊक. तुम्ही ओळखायची. चुकलात तर शुक्रवारी टाकी रिकामी, आणि पुन्हा हा विषय नको."

घरी बायकोनं सगळं ऐकलं. भाजी चिरता चिरता म्हणाली, "म्हणजे माशांसाठी परीक्षा देताय. या वयात."

"माशांसाठी नाही ग."

सुरी थांबली. "भाऊजींसाठी?"

घड्याळजींनी भिंतीवरच्या घड्याळाची नसलेली धूळ पुसली. दुसऱ्या दिवशी बायकोनं घरात हुकूम सोडला. गुरुवारपर्यंत यांनी कांदा चिरायचा नाही, फोन बघायचा नाही, वर्तमानपत्रातली बारीक अक्षरं वाचायची नाहीत. त्याच दुपारी तर तिनं त्यांच्या डोळ्यांवर ओला रुमाल घालून त्यांना आडवं केलं. शेजारीण साखर मागायला आली, ती हे दृश्य बघून दारातच रडवेली झाली. "कधी झालं हो?" तिनं हलक्या आवाजात विचारलं.

"अजून नाही झालं, उद्या आहे," बायको म्हणाली. शेजारीण साखर न घेताच परत गेली.

गुरुवारी दुपारी सगळी प्रयोगशाळा भिंतीला पाठ लावून उभी होती. काही जणांनी पैजाही लावल्या होत्या असं कळलं, आणि बहुतेकांनी पापणीवर लावल्या होत्या. मोठ्या बाईंनी वाट्यांवर अक्षरं चिकटवली होती आणि फोनवर मिनिटाचा गजर लावला होता.

"तुमचं घड्याळ वापरायचं नाही," त्या म्हणाल्या. "ते सात मिनिटं पुढे आहे, मला माहितीये."

घड्याळजी दचकले. "कधीपासून?"

"तीन वर्षांपासून. अंडी बघून. बोलले नाही, कारण त्यामुळे माझे लोक वेळेवर यायला लागले."

भिंतीला टेकलेले लोक एकमेकांकडे बघायला लागले. घड्याळजींची मान मात्र बोटभर वर झाली. "घड्याळ पुढे असलं तरी त्यातलं मिनिट साठच सेकंदांचं आहे," ते म्हणाले आणि दुर्बिणीला डोळा लावला.

पहिली वाटी. मिनिट. "साधी." दुसरी. "थांबते. एकदा." तिसरी. "थांबते. दोनदा." चौथी. "साधी." मध्येच कुणीतरी शिंकलं, तर मोठ्या बाईंनी त्याला अशा नजरेनं पाहिलं की त्याची दुसरी शिंक आतल्या आत जिरली. पाचवी, सहावी, सातवी. घड्याळजींच्या मानेवर घाम आला होता. चष्मेवाली हातावर हात दाबून उभी होती. आठवी. नववी. दहावी.

दहाव्या वाटीचं मिनिट संपलं. घड्याळजी बोलेनात.

"बोला," मोठ्या बाई म्हणाल्या.

घड्याळजींनी डोळा काढला, रुमालानं पुसला. काहीतरी एक बोलून टाकलं असतं तर अर्धी शक्यता बरोबर यायचीच होती. ते सगळ्यांना कळत होतं. त्यांनाही.

"या वाटीत माझी पापणी लवली," ते म्हणाले. "पन्नासाव्या सेकंदाला. हृदय थांबलं की मी, मला सांगता यायचं नाही. ही धरू नका."

भिंतीजवळ पैजवाल्यांमध्ये कुजबुज झाली. मोठ्या बाईंनी एकेक वाटी उचलून खालची चिठ्ठी वाचली. पहिली बरोबर. दुसरी बरोबर. नऊच्या नऊ बरोबर. दहावी त्यांनी वाचलीच नाही. तशीच खाली ठेवली.

"एवढी वर्षं मी ही प्रयोगशाळा चालवतेय," त्या म्हणाल्या. "इथं सगळ्यांचे आकडे नेहमी बरोबर येतात. माझी पापणी लवली, असं आजपर्यंत एकानंही सांगितलेलं नाही." मग चष्मेवालीकडे वळून, "यंत्राला या पिल्लांच्या फिल्ममध्ये एकदाही थांबा का दिसला नाही?"

चष्मेवालीचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "बाई, ज्या फिल्ममध्ये ठोके सारखे पडत नाहीत, ती फिल्म हलली असं समजून यंत्र बाजूला टाकतं. मीच तसं सांगून ठेवलंय त्याला."

"आणि बाजूला टाकलेल्या फिल्म कुठं आहेत?"

सगळी प्रयोगशाळा संगणकाभोवती गोळा झाली. साध्या टाक्यांच्या टाकलेल्या फिल्म चार-पाच. तेवीस नंबरच्या शेकड्यांनी. एक उघडली, थांबा. दुसरी उघडली, थांबा. तीन वर्षं चष्मेवाली जे शोधत होती, ते तिच्याच हातानं नीट नावं घालून कचऱ्यात जपून ठेवलेलं होतं. ती हसायला लागली आणि हसता हसता चष्मा काढून रडायला लागली.

लाल चिठ्ठी मोठ्या बाईंनी स्वतः खाली जाऊन काढली. तळघरात त्या वर्षातून एकदा येत. बादली पालथी बघून त्यांनी ती सरळ केली आणि मग जरा विचार करून पुन्हा पालथी घातली.

जाताना चष्मेवाली म्हणाली, "काका, असली माणसंही असणार. जीन तपासला तर ठणठणीत, कारण काडीकडे कुणी बघतच नाही. आणि दवाखान्यातला तो कागदी आलेख असतो ना, तोही दहाच सेकंदांचा असतो. त्या दहा सेकंदांत हृदय थांबलं नाही, तर कागदावर ठीक."

घड्याळजींनी विचारलं, "असलं रक्तातून पुढे जातं का हो?"

"काडी नसणं तर जातंय. साध्या माशाशी जोडी लावली तरी निम्म्या पिल्लांत."

थोरल्याला एकच मुलगा. रंगारी. दर रविवारी काकूच्या हातचं जेवायला यायचा. शिडीवर चढताना निम्म्यात थांबून भिंतीकडे बघायची त्याला सवय होती, आणि गिऱ्हाइकांना वाटायचं, काय रंगाची पारख आहे या माणसाला! त्या रविवारी तो पहिला घास उचलणार, तोच घड्याळजींनी त्याचं मनगट धरलं.

"काका, हे काय?"

"गप्प बस. मिनिटभर."

"अहो, जेवण गार होतंय."

"होऊ दे."

"काकू, सांग ना यांना."

"मी अडतीस वर्षं सांगतेय," काकू म्हणाली. पण तिनंही पदराला हात पुसले आणि ती जवळ येऊन उभी राहिली.

पहिल्या मिनिटात काही नाही. रंगाऱ्यानं डाव्या हातानं खायला सुरुवात केली. दुसऱ्यात नाही. तिसऱ्या मिनिटात घड्याळजींचं बोट हवेत राहिलं. एक. दोन. मग ठोका आला. त्यांनी मनगट सोडलं नाही.

"तू शिडीवर थांबतोस तेव्हा काय होतं रे?"

रंगारी खाता खाता थांबला. "काही नाही. जरा अंधारी येते. रंग बघतो तेवढ्यात."

दुसऱ्याच दिवशी घड्याळजींनी त्याला दवाखान्यात नेलं. कागदी आलेख निघाला, डॉक्टर म्हणाला ठीक. घड्याळजी खुर्चीतून उठले नाहीत. म्हणाले, "याच कागदावर आमचा भाऊ गेला. मला चोवीस तासांचा हवा." डॉक्टर तरुण होता, पण समजूतदार. त्यानं रंगाऱ्याच्या छातीला तारा लावून कमरेला डबी बांधली आणि सांगितलं, चोवीस तास राहू दे, अंधारी आली की वेळ लिहून ठेवा. रंगाऱ्याला एकटं सोडायचं नाही म्हणून काकूनं त्याला घरीच ठेवून घेतलं. शिडीऐवजी सोफा दिला.

दोन दिवसांनी डॉक्टरनं तिघांना बोलावलं. समोर एकीकडे यंत्राचा आलेख, दुसरीकडे रंगाऱ्यानं लिहिलेल्या वेळा. डॉक्टर एकदा इकडे बघत होता, एकदा तिकडे.

"थांबे आहेत," तो म्हणाला. "बरेच आहेत आणि लांब आहेत. बरं झालं आलात. पण मला एक समजत नाही. तुमचं हृदय थांबतं चार वाजता आणि तुम्हाला अंधारी येते चार वाजून सात मिनिटांनी. साडेसहाला थांबतं, अंधारी सहा सदतीसला. असं मी कधी पाहिलेलं नाही. कुठल्या पुस्तकातही नाही."

काकूनं तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलायला लागले. डॉक्टरला वाटलं रडतेय, त्यानं पाण्याचा पेला पुढे केला.

"वेळ कुठल्या घड्याळात बघितलीस रे?" घड्याळजींनी विचारलं.

"भिंतीवरच्या. तुमच्याच."

"आणि सात वजा केले नाहीस?"

"छातीला तारा लावल्यात, काका! त्यात वजाबाकी कुठं करू?"

रंगाऱ्याच्या छातीत, कातडीखाली, एक छोटं यंत्र बसवलं. हृदय थांबू लागलं की ते हलकेच ढकलतं. शस्त्रक्रियेआधी डॉक्टर समजावत होता तेव्हा घड्याळजींनी एकच प्रश्न विचारला. "हे चालतं कशावर?"

"सेलवर," डॉक्टर म्हणाला. "काही वर्षांनी बदलावा लागतो."

घड्याळजींनी डोळे मिटले. बायको पुटपुटली, "बघा, देवाला हिशेब बरोबर ठाऊक असतो." त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी टॉर्च शोधून काढली, तिच्यात नवा सेल घातला आणि ती कपाटावर घड्याळाशेजारी मानानं ठेवली.

सोमवारी सकाळी तळघरातले दिवे लागले, सात त्रेपन्नला. चारशे टाक्यांत झुंबड उडाली. घड्याळजी खाण्याचा डबा घेऊन तेवीस नंबरपाशी आले. चिमूट टाकली. सगळे सुटले, निम्म्या वाटेत एक थांबला, कडेला झाला, काच बघू लागला. पुढची टाकी भुकेनं वळवळत होती.

"बांध, नाडी बांध सावकाश," घड्याळजी म्हणाले, आणि त्यांनी डबा पालथ्या बादलीवर ठेवला. तो मासा येईपर्यंत ते तिथंच उभे राहिले.